टाचा जमिनीला

आमच्या सरांइतका आकाशाबद्दल बेफिकीर वैमानिक आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. विमान शिकायला येणारी आम्ही सगळी पोरं ढगांची स्वप्नं बघत यायचो. कोणी लहानपणी गच्चीवर मान मोडेपर्यंत वर बघितलेलं, कोणाच्या खोलीत छताला प्लास्टिकची विमानं टांगलेली. सर पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यातली ही सगळी विमानं खाली उतरवून ठेवायचे. "वर जाण्यात काय आहे? वर धूरही जातो. इंजिन चालू असलं की विमान वर जातंच, त्यात तुमचं कर्तृत्व काय? खाली येताना भेटा मला." त्यांच्या लेखी आकाश म्हणजे एका धावपट्टीवरून उठून दुसरीवर टेकेपर्यंत नाइलाजाने घालवायचा वेळ होता. माझ्या आईने एकदा त्यांना मंडईत गाठून मोठ्या कौतुकाने विचारलं, "सर, आमची मुलगी कशी उडते हो?" सर म्हणाले, "उडते की. झुरळही उडतं. उतरायला लागली की कळवतो." आणि ते कोथिंबिरीची जुडी निवडायला वळले. त्यानंतर दोन दिवस आई जेवायला वाढताना झुरळ झुरळ करत होती.

सर राहायचे शनिवार पेठेत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. विमानं होती पुण्याबाहेर, एका माळावरच्या छोट्याशा धावपट्टीवर. आमच्या संस्थेची एक जुनी व्हॅन पहाटे मार्केट यार्डाच्या दारातून निघायची आणि पालेभाज्यांचे ट्रक उतरत असताना आम्ही त्यात चढायचो. आम्ही पुण्याची पोरं आपापल्या स्कूटरी तिथे लावायचो. सर मात्र शनिवार पेठेतून मार्केट यार्डापर्यंत पायी यायचे. अंगाने काडीसारखे, पायात साध्या चपला, खांद्याला डब्याची पिशवी आणि डोक्याला बाराही महिने कानटोपी. वैशाखात लोक छत्र्या शोधायचे तेव्हाही टोपी होतीच. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "कान हे माझं भांडवल आहे. बाकीचं शरीर गेलं खड्ड्यात."

पुण्यात जन्म काढून कधी दुचाकीवर न बसलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. सायकलसुद्धा नाही. ज्या माणसाने इंजिन बंद पडलेलं विमान उसाच्या फडाशेजारच्या रस्त्यावर अलगद उतरवलं होतं, तो माणूस स्कूटरला हात लावायला घाबरायचा, आणि हे तो लपवतही नसे. "हवेत मला समोरचा दिसतो, त्याला मी दिसतो, आणि दोघांपैकी कोणालाही मरायचं नसतं. लक्ष्मी रोडवर यातलं काहीही धरून चालता येत नाही." रस्ता ओलांडण्याची त्यांची स्वतंत्र पद्धत होती. अर्ध्यापर्यंत जायचे, समोरून एखादी रिक्षा मनात भरली नाही की सरळ मागे फिरायचे, फुटपाथवर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. एकदा मी त्यांना दगडूशेठच्या कोपऱ्यावर असं चार वेळा मागे येताना पाहिलं. मी म्हटलं, "सर, हात धरू का?" तर म्हणाले, "हात कशाला? जमत नाहीसं दिसलं की परत फिरायचं, पुन्हा यायचं. यात कसला आलाय कमीपणा? मी काही लग्नाच्या मुहूर्ताला निघालेलो नाही." विमान नीट उतरत नसेल तर ओढूनताणून टेकवू नये, पुन्हा वर जाऊन पुन्हा यावं, हा उड्डाणविद्येतला मोठा धडा मी असा फुटपाथवर उभी राहून शिकले.

आमची विमानं उतरताना सर बघत नसत. ऐकत असत. धावपट्टीच्या कडेला त्यांची एक घडीची खुर्ची होती. ती ते धावपट्टीकडे पाठ करून मांडायचे. विमान वळून खाली यायला लागलं की ते कानटोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. लांबून ते दृश्य बघितलं की कोणाला वाटावं, म्हाताऱ्याचं काहीतरी दुखतंय. चाकं टेकल्याच्या आवाजावरून ते निकाल द्यायचे आणि निकाल सगळे स्वयंपाकघरातले. जड हाताने आपटलेलं विमान म्हणजे 'वरवंटा'. बरं उतरलेलं म्हणजे 'थालीपीठ', कारण टेकताना थोडी थाप ऐकू येतेच. आणि तव्यावर टाकलेली पोळी तव्याला कधी टेकली हे जसं कळत नाही, तसं जे उतरतं ती 'पोळी'. माझ्या काळात पोळी कोणालाच मिळाली नाही. यवतमाळहून आलेला, वाघोलीला खोली घेऊन राहणारा आणि सगळीकडे बसनेच फिरणारा एक मुलगा आमच्यात होता, त्याने एकदा विमान इतकं लांब तरंगत नेलं की टेकेपर्यंत धावपट्टी जवळजवळ संपली. सरांनी टोपी घालत त्याला विचारलं, "पुढे गाव लागतं. सरपंचांना कळवलं होतंस?" तो बिचारा म्हणाला, "सर, मले वाटलं पोळी होऊन राहिली." सर म्हणाले, "पोळी होती रे. पण ताटात वाढ ना, शेजाऱ्याच्या अंगणात काय टाकतोस?"

या पोळीची तालीम सरांच्या घरी चालायची, रविवारी. त्यांच्या बैठकीत एक काचेचं टेबल होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा करायच्या आणि सर आमच्या हातात काठोकाठ भरलेला कप बशीसकट द्यायचे. नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवायची, खाली अजिबात बघायचं नाही, आणि बशी काचेवर आवाज न करता टेकली पाहिजे. आम्ही ठेवायला गेलो की 'ठक्क' व्हायचं आणि चहा काचेवर. "ठेवायला जाऊ नका," सर ओरडायचे. "ठेवायचं टाळत राहा! टेकू देऊ नका, टेकू देऊ नका, मग ती आपोआप टेकते." हे वाक्य ऐकायला वेडगळ वाटतं, पण विमान उतरवण्याबद्दल याहून खरं काही मला नंतर कोणीही, कुठल्याही देशात सांगितलेलं नाही. काकूंचं या विद्येबद्दलचं मत वेगळं होतं. त्या आतून म्हणायच्या, "अहो, मोडली तर विमानं संस्थेची. बश्या माझ्या आहेत!" सर म्हणायचे, "बश्या मोडल्या म्हणून विमानं शाबूत आहेत." खरंच होतं म्हणा ते. मी विमान मोडेपर्यंत तरी.

विमान मी मोडलं. सांगून टाकते एकदाचं. एकटीने उडायला लागून थोडेच दिवस झाले होते. सकाळ शांत होती, वारा नव्हता, ऊन कोवळं होतं, सबब म्हणून सांगता येईल असं काही म्हणजे काही नव्हतं. मी छान रेषेत खाली आले. सरांची खुर्ची दिसली, त्यांनी टोपी काढलेलीही दिसली. मनात म्हटलं, आज पोळी. आणि चाकं टेकली तोच खालून बंदुकीसारखा आवाज झाला. डावं टायर फुटलं, विमानाला कोणीतरी कान धरून ओढावं तसं ते डावीकडे वळलं, धावपट्टी सोडून गवतात, गवतातून शेजारच्या कांद्याच्या रानात शिरलं, पुढचं चाक सरीत अडकलं आणि नाक मातीत खुपसून विमान थांबलं. पंख्याची पाती केळीच्या पानासारखी वाकली. मला जिभेचा चावा सोडला तर काहीही झालं नव्हतं. चिरडलेल्या कांद्याचा वास नाकात भरला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ते कांद्यामुळे येत होतं, असं मी आजही सांगते.

रस्ता ओलांडायला चार वेळा मागे फिरणारा माणूस त्या दिवशी धावपट्टीवरून सरळ पळत आला. दार त्यांनीच उघडलं. "बाहेर ये. आधी तू बाहेर ये. ते राहू दे तिथेच." माझी मान चाचपली, हात चाचपले, दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं. मग म्हणाले, "कांदे काढायला यायचं होतं तर खुरपं आणायचंस." नंतर माझ्याकडे पाठ करून ते त्या वाकलेल्या पंख्याकडे गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पायात चपला नाहीत. त्या तिकडे खुर्चीपाशी राहिल्या होत्या. संध्याकाळी मी तोंड लपवत त्यांच्या घरी गेले तर काकू चष्मा लावून, सुई घेऊन, सरांच्या तळपायातून बाभळीचे काटे काढत होत्या आणि सर त्यांना सांगत होते, "घाई करू नकोस, अलगद, अलगद."

टायर का फुटलं हे उघड होतं. चाकं टेकली तेव्हा ब्रेक दाबलेले होते. घसटून घसटून टायरचा एक तुकडा सपाट झाला होता. विमानाचे ब्रेक पायात असतात. पुढे दोन पट्ट्या असतात, त्यांच्या खालच्या भागावर पाय ठेवला की विमान इकडे तिकडे वळवता येतं, आणि चवडे वर सरकवून दाबले की ब्रेक लागतात. म्हणून उतरताना टाचा खालच्या पत्र्याला टेकलेल्या हव्यात, म्हणजे चवडे वर जातच नाहीत. हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. मी शपथेवर सांगत होते की मी ब्रेक दाबले नाहीत, आणि टायर सांगत होतं की दाबले. संस्थेच्या व्यवस्थापकांनी अर्थातच टायरवर विश्वास ठेवला. मुलगी घाबरते आणि वर खोटंही बोलते, असं त्यांनी ठरवून टाकलं. चौकशी आटोपेपर्यंत माझं उडणं बंद झालं आणि नंतरही हिला एकटीला विमान द्यायचं की नाही ते बघू, असं त्यांनी सांगितलं. घरी बाबा म्हणाले, "बास झालं. बँकेच्या परीक्षा दे." आणि खरं सांगायचं तर मला आतून हायसं वाटलं. डोळे मिटले की तो बंदुकीचा आवाज ऐकू यायचा. जे पाय माझं ऐकत नाहीत त्यांच्या भरवशावर मी पुन्हा वर कशी जाणार होते? मी सरांना जाऊन सांगितलं, "सर, माझ्याच्यानं नाही होणार." मला वाटलं, आता काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलतील. पण ते म्हणाले, "तुम्हा पुण्याच्याच पोरांची टायरं फुटतात. त्या यवतमाळवाल्याने सगळं केलं, टायर नाही फोडलं. काय असेल?" आणि कानटोपी ओढून पुन्हा पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात सर उभे. कानटोपी, आणि तिच्यावर कोणाचं तरी मागून आणलेलं हेल्मेट. हनुवटीखाली पट्टा इतका करकचून बांधलेला की शब्द दाबून येत होते. "गाडी काढ."

"कुठे जायचंय सर?"

"मला काय माहीत? जिथे सिग्नल जास्त असतील तिथे."

सर माझ्या स्कूटरवर बसले. त्यांची गल्ली ओलांडताना काकूंनी खिडकीतून बघितलं, तर त्यांच्या तोंडून नुसतं "अगंबाई!" निघालं आणि त्या आत गेल्या, बहुतेक देवापुढे दिवा लावायला. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. अप्पा बळवंत चौकात वह्यापुस्तकांची ही झुंबड. हातगाड्या, रिक्षा, मधूनच घुसणारी माणसं, उलट्या दिशेने आत्मविश्वासाने येणारे काका. सरांनी माझे दोन्ही खांदे असे धरले होते की बोटांचे वळ नंतर दोन दिवस राहिले. आणि ते हात थरथरत होते. बंद इंजिनाचं विमान उतरवताना जे थरथरले नव्हते ते हात. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मधूनच "बाप रे" ऐकू येत होतं. मला वाटलं त्यांनी डोळे घट्ट मिटले असतील. नव्हते मिटले. आरशात बघितलं तर ते माझ्या खांद्यावरून वाकून सारखे खाली, माझ्या पायांकडे बघत होते.

तिसऱ्या सिग्नलला ते म्हणाले, "थांब. कडेला घे." उतरले ते सरळ एका पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने न मागता पाणी दिलं, इतका त्यांचा चेहरा उतरला होता. पाणी पिऊन झाल्यावर हेल्मेटमधूनच म्हणाले, "सापडलं."

"काय सापडलं?"

"तुझे पाय. सिग्नल अजून तिकडे, आणि तुझे दोन्ही पाय इथूनच खाली. अगं, तू ब्रेकने गाडी थांबवतच नाहीस. चपलेने थांबवतेस!"

मी काही बोलणार तोच त्यांनी चौकाकडे बोट दाखवलं. सिग्नल लाल होत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा ते दृश्य नीट बघितलं. समोरून येणारी प्रत्येक स्कूटर, तिच्यावरची कॉलेजची मुलगी, बँकेतले गृहस्थ, भाजीची पिशवी हुकाला लावलेल्या बाई, सगळ्यांचे दोन्ही पाय सिग्नलच्या कितीतरी आधी खाली सुटलेले आणि चपला रस्त्यावर खरडत चाललेल्या. सर म्हणाले, "बघ. अख्खं गाव चपलेने थांबतंय, बसने फिरणारा यवतमाळवाला सोडून. जमीन जवळ आली, वेग कमी करायचाय, की तुमचे दोन्ही पाय पुढे जातात. तू ब्रेक दाबले नाहीस हे खरंच आहे. तू पाय टेकवायला गेलीस, आणि तिथे पुढे ब्रेक होते." मग, माझ्याकडे न बघता, "खोटं बोलत नव्हतीस तू. मला माहीत होतं." मी तिथेच रडले, भर चौकात, आणि या वेळेला आजूबाजूला कांदे नव्हते.

पुढचे कितीतरी दिवस सर रोज संध्याकाळी हेल्मेट घालून हजर. नियम एकच. गाडी पूर्ण थांबेपर्यंत माझ्या टाचा फळीवरून उठता कामा नयेत. थांबल्यावर एकच पाय, डावा, आणि तोही मागून परवानगी मिळाल्यावर. सिग्नल दिसला की मागून आरोळी यायची, "टाचा!" मंडईत आरोळी, शनिवारवाड्यापाशी आरोळी, स्वारगेटला तर आरोळ्यांचा पाऊस. एका ट्रॅफिक हवालदाराने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, काही त्रास आहे का?" सर म्हणाले, "आहे. शिकवणी चालू आहे." पेठेतल्या पोरांनी माझं नावच टाचा ठेवलं. सरांना मात्र रोज तितकीच भीती वाटायची. मला वाटलं होतं चार दिवसांत सवय होईल, पण नाही झाली. रोज तेच थरथरणारे हात आणि तेच "बाप रे". मी एकदा विचारलंच, "सर, एवढं भ्यायला होतं तर कशाला बसता माझ्या मागे? लांबून बघा ना." ते म्हणाले, "तुला वर जायची भीती वाटते ना? मग मला बसू दे. दोघांनी मिळून घाबरू. आणि पुढे बघ, बस येतेय."

चौकशी आटोपली तेव्हा व्यवस्थापकांनी सरांना आणि मला खोलीत बोलावलं. "या मुलीला पुन्हा एकटीला पाठवायचं म्हणता, सर. खात्री काय?" सर नेहमी अशा ठिकाणी चिमटे काढायचे. त्या दिवशी त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली, आणि टोपी काढणं म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "मी हिच्या मागे स्कूटरवर बसून, शाळेच्या दिवसांत, अप्पा बळवंत चौकातून रोज गेलोय. आणि तुमच्यासमोर जिवंत बसलोय. विमान द्यायला आता आणखी कसली खात्री हवी?" व्यवस्थापक त्यांना ओळखत होते. या माणसाने स्कूटरवर बसणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सही केली.

मग एका सकाळी मी पुन्हा एकटी वर गेले. खाली येताना कांद्याचं रान दिसलं, त्यातला माझ्या नांगरटीचा पट्टा दिसला, मग खुर्ची दिसली. सरांनी टोपी काढली होती. मागची सीट रिकामी होती, तरी माझे खांदे कोणीतरी करकचून धरल्यासारखे वाटत होते. मी मोठ्याने ओरडले, "टाचा!" आणि टाचा पत्र्याला चिकटल्या त्या चाकं टेकून, विमान संथ होऊन, कडेला जाऊन उभं राहीपर्यंत सुटल्या नाहीत. मी उतरून धावत सरांपाशी गेले. ते म्हणाले, "चहा गार झाला." बस्स. परतताना व्हॅनमध्ये मार्केट यार्ड येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सगळ्यांना वाटलं झोपले. उतरायच्या आधी त्यांनी एक डोळा उघडला आणि मला म्हणाले, "थालीपीठ. पण पातळ."

आता मी मोठी विमानं चालवते, शेकडो माणसं घेऊन. जमीन जवळ आली की माझ्या तोंडून अजून हळूच 'टाचा' निघतं. एका कॅप्टनने विचारलं, हा कुठला शब्द? मी म्हटलं, घरगुती आहे. लोक मला विचारतात, पहिल्यांदा वर गेलात तेव्हा कसं वाटलं, आणि मी काहीबाही सांगते. पण माझं खरं देणं वर जाण्याचं नाहीच. ज्या दिवशी मी हार मानून बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणणार होते, त्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी खरं बोलतेय हे शोधून काढायला स्वतःच्या सगळ्यात मोठ्या भीतीवर टांग टाकून बसला. इतकं माझ्यासाठी कोणीही केलेलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर एकदा बोलले होते. ते म्हणाले, "हळू बोल, बश्या पडतील."

काकू गेल्यावर सर मुलाकडे राहायला गेले, वाघोलीला, सातव्या मजल्यावर. लोहगाव विमानतळावर उतरणारी विमानं त्यांच्या गॅलरीसमोरून खाली येतात. पण सरांचे कान गेले. बारा महिने कानटोपीत जपलेलं भांडवल, सगळ्यात आधी तेच संपलं. विमानं उतरताना ते अजूनही टोपी काढून मांडीवर ठेवतात, डोळेही मिटतात, आणि मग थोड्या वेळाने उघडून माझ्याकडे बघतात. मी बोटांनी खूण करते, उतरलं. पोळी मला अजून मिळालेली नाही, आणि आता ऐकून देणारं कोणी उरलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं.

सुट्टीला आले की मी स्कूटर घेऊन वाघोलीला जाते. सर लिफ्टने खाली येतात, हातात हेल्मेट. न सांगता मागे बसतात, खांदे धरतात. हात आता भीतीशिवायही थरथरतात, त्यामुळे घाबरलेत की नाही ते कळत नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातो, चहा पितो, परत येतो. वाटेत सिग्नल लागला की मागून क्षीण आवाजात "टाचा" येतंच. परवा परत येताना मी त्यांच्या इमारतीच्या दारात गाडी थांबवली. अगदी हळू, टाचा फळीवर, शेवटपर्यंत. नियमाप्रमाणे एकच पाय खाली सोडला आणि थांबले. सर उतरेनात. खांद्यावरचा हात जड झाला होता, गाडी जराशी डुगडुगली. मग कानापाशी त्यांचा आवाज आला, "दोन्ही पाय टेकव गं. मला आता तोल राहत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी दोन्ही पाय टेकवले, घट्ट, आणि ते उतरेपर्यंत तशीच उभी राहिले.